पाठीचं माप

सासरे मापाला उभे राहिले की चार बोटं उंच व्हायचे. एवढीशी गोष्ट, पण सुनेच्या लक्षात यायला एक अख्खा कोट फसावा लागला. बरं, तीही काही कालची पोर नव्हती. रेडिमेड शर्टांच्या कारखान्यात बारा वर्षं कटिंग करत होती. कापडाचे साठ थर एकावर एक पसरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूने रेघ मारायची आणि शर्टांच्या साठ पाठी एका दमात कापून मोकळं व्हायचं. पण त्या पाठी कुणाच्या? कुणाच्याच नाहीत. साचा वरून तयार यायचा, मधोमध दुमडला की दोन्ही बाजू तंतोतंत जुळायच्या. असा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता, पण शर्ट खपत होते, मग कोण विचारतो?

घरात मात्र एक माणूस असा होता की जगातला एकही साचा त्याच्या अंगाला बसत नव्हता. सासरे हाडाचे गवंडी. पंचेचाळीस वर्षं दगड उचलले, घडवले, रचले. आता पाठ इतकी वाकली होती की दारातून आधी डोकं आत यायचं आणि मग सावकाश बाकीचे सासरे. बाजारातला कोट त्यांना पुढून गुडघ्यांवर लोंबायचा आणि मागून कंबर उघडी टाकायचा. मोठा घ्यावा, तर अंगापेक्षा बोंगा मोठा. गेल्या थंडीत त्या उघड्या कमरेतून गारठा शिरला, छाती भरली आणि तीन आठवडे हॉस्पिटलात गेले. तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "थंडीत बाहेर पडायचं तर मानेपासून मांड्यांपर्यंत अंग झाकलेलं पाहिजे. ते जमत नसेल तर घरात बसायचं."

म्हातारा घरात बसला. खिडकीशी खुर्ची, पायांवर चादर, आणि समोरच्या घरांच्या भिंती कशा वाकड्या बांधल्यात त्यावर येणाऱ्याजाणाऱ्यापुढे भाष्य.

मग एका सकाळी मिस्त्री आला. हा सासऱ्यांचा जुना चेला, आता स्वतःच केस पिकलेला. नदीवरचा दगडी पूल सासऱ्यांनी तरुणपणी बांधला होता. त्याची एक कमान पुरात पडली होती आणि ती मिस्त्रीने पुन्हा उभी केली होती. उभी म्हणजे अजून लाकडाच्या आधारावर. कमान बांधताना खाली लाकडी सेंटरिंग देतात, दगड त्यावर रचतात, आणि सगळे दगड बसले की खालच्या पाचरी ठोकून ते लाकूड मोकळं करतात. कमान खरी की खोटी, ते त्या घटकेला कळतं.

"उस्ताद, आजपासून दहाव्या दिवशी, सकाळी सातला," मिस्त्री म्हणाला. "पहिली पाचर तुम्ही ठोकायची."

"थंडी फार आहे," सासरे म्हणाले.

"तुम्ही येणार नसाल तर दुसरा कुणी ठोकेल. पण मला ते बघवणार नाही, सांगून ठेवतो."

"बघू," सासरे म्हणाले. मिस्त्री गेल्यावर मात्र त्यांनी माळ्यावरून आपला लाकडी हातोडा उतरवायला लावला आणि त्याच्या दांड्याला तेल चोळत बसले. सुनेने ते पाहिलं. ज्याला जायचं नसतं तो हातोड्याला तेल कशाला लावेल?

"बाबा, कोट मी शिवते," ती म्हणाली. "साचाही मीच काढते."

"तुला साचा कापता येतो. काढता कुठे येतो?" नवरा म्हणाला.

"शिकेन. लग्नाआधी तुम्हाला तरी चहा करता येत होता का?"

"अजून तरी कुठे येतो?" सासरे खिडकीजवळून म्हणाले.

तिने कारखान्यातल्या जुन्या मास्तरांकडून पुस्तक आणलं, खाकी कागदाची गुंडाळी आणली, आणि टेप गळ्यात अडकवून म्हणाली, "बाबा, सरळ उभे राहा."

आता हे चार शब्द शिंपी दिवसातून शंभरदा बोलतात. त्यात काय चुकतं, असं तुम्हीही म्हणाल. सासऱ्यांनी हातातली काठी भिंतीला टेकवली, दात दाबले, श्वास छातीत कोंडला आणि पाठ वर ओढली. सुनेपुढे वाकडं कसं उभं राहायचं? मानाचा प्रश्न होता त्यांच्या. कपाळावर घाम आला तरी हलले नाहीत. तिने भराभर आकडे लिहिले, पुस्तकात सांगितलं तसं छातीचा चौथा भाग, मुंढ्याची खोली, पाठीची लांबी, सगळं कागदावर मांडलं. कागद दुमडला, अर्धा आकार काढला आणि घडीवर कापला. दोन दिवसांत मांजरपाटाचा कच्चा कोट तयार झाला.

घालून पाहिला, तर काय सांगू! सुरेख बसला. सून आनंदाने टाळी वाजवणार, तेवढ्यात सासऱ्यांना खोकला आला. कोंडलेला श्वास सुटला आणि त्याच्याबरोबर पाठही सुटली. कोट मागून वीतभर वर गेला, कॉलर मानेपासून दूर उभी राहिली, पुढचा घेर गुडघ्यांशी लोंबकळायला लागला. बाजारातला कोट निदान तयार तरी मिळाला असता.

टाळीसाठी उचललेले सुनेचे हात तसेच खाली आले. सासऱ्यांनी तिचा चेहरा पाहिला आणि बटणं काढायला लागले.

"राहू दे पोरी," ते म्हणाले. "मीच फसवलं तुला. माझ्या पाठीला कोट होत नाही. चादर बरी."

हातोडा परत माळ्यावर गेला. त्या दिवशी खिडकीतून एकाही भिंतीला नाव ठेवलं गेलं नाही, आणि सुनेला त्याचंच जास्त वाईट वाटलं. तिला रडू येत होतं आणि रागही येत होता, स्वतःचाच. बारा वर्षं कापड कापलं, आणि घरातल्या एका माणसाची पाठ दिसली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सहा दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी टाकली. दुपारी तिने सासऱ्यांच्या अंगात दोन स्वेटर चढवले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. हातात टेप नव्हती, खडू होता.

"बाबा, कमानीचा दगड घडवायचा तर त्याचा साचा कसा काढता हो? मला काही समजत नाही."

म्हाताऱ्याने तिच्याकडे संशयाने पाहिलं. पण आपल्या कामाबद्दल विचारलं की कुठल्या कारागिराला गप्प बसवतं? ते आधी खुर्चीतूनच बोलले. मग तिने उठून टेबलावर मुद्दाम वाकडीतिकडी कमान काढली, आणि ते त्यांना सोसवेना. उठले, टेबलाशी आले, खडू हिसकावून घेतला. "अगं, अशी कमान काढलीस तर नदीतले मासे मरतील." एक हात टेबलावर टेकून ते काढू लागले. "हा बघ मध्य. आता प्रत्येक दगडाचा साचा वेगळा. दुमडून नाही चालत. डावीकडची जमीन निराळी, उजवीकडची निराळी, भार निराळा. समोर जे आहे त्याचा साचा काढायचा. आपल्याला जे असावंसं वाटतं त्याचा नाही."

ते बोलत राहिले आणि ती त्यांच्या मागे उभी राहून जुनी चादर त्यांच्या पाठीवर अंथरत गेली. टाचण्या लावल्या. चादर जिथे गोळा झाली तिथे चिमटीत धरून टाचली, जिथे ताणली तिथे कातरीने छेद देऊन मोकळी सोडली. ओढूनताणून काहीच बसवलं नाही. सासऱ्यांना कळलं नसेल असं समजू नका. मध्येच बोलणं न थांबवता ते म्हणाले, "खालची कड सरळ करायची तर खांद्यावरून मोजू नकोस. जमिनीवरून मोज. आणि मधली रेघ मारायला माझा ओळंबा घे."

तिने ओळंबा आणला. दोरीला टांगलेलं ते पितळी वजन त्यांच्या मानेपासून सोडलं, ते डोलत डोलत स्थिर झालं, आणि तेव्हा तिला दिसलं. दोरी सरळ खाली गेली होती आणि पाठ तिच्यापासून दूर, उजवीकडे कलत, वळून परत आली होती. तिने रेघ मारली. मग चादर पुढून कापून हळूच सोडवली आणि फरशीवर पसरली.

आणि ती नुसती बघतच राहिली. असा आकार तिने कधी कापला नव्हता. डावी बाजू उजवीपेक्षा तीन बोटं रुंद. मानेपाशी अनेक छेद पाकळ्यांसारखे उघडलेले. कमरेपाशी कापड कमी, खांद्यांमध्ये एवढं जास्त की त्यात एक मूल मावलं असतं. हे चुकलेलं नव्हतं. यातली एकही रेघ उगीच नव्हती. पंचेचाळीस वर्षांचं सगळं काम त्या फाटक्या चादरीवर उतरलं होतं. बारा वर्षांत तिने हजारो पाठी कापल्या, आणि पाठ ती आज पहिल्यांदा पाहत होती.

"काय आहे ते?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुमची पाठ, बाबा."

सासरे काठी टेकत खाली बसले. मग रुंद भागावर तळहात ठेवला. "हा डावा खांदा. दगड उजव्यावर घ्यायचो, म्हणून हा सुटला." बोट खाली सरकलं. "आणि इथे. हे पुलाच्या वर्षीचं." ते हसले आणि हसता हसताच डोळे पुसले. "आयुष्यभर लपवली गं मी ही. बघायला गेलं तर वाईट नाहीये."

"वाईट?" ती म्हणाली. "बाबा, मी इतकं सुंदर काही कापलेलं नाही."

मग काय, खाकी कागदावर साचा उतरला, घडी न घालता, डावा निराळा आणि उजवा निराळा. जाड लोकरी कापड, आत कापूस भरलेलं अस्तर, मागे लांब आणि पुढे आखूड. टेबलावर सपाट पडलेले तुकडे बघून नवरा म्हणाला, "हा कोट आहे की तंबू?" तिलाही शंका होतीच. पण मधली शिवण मारून संपली, तिने कापड उलटवलं, आणि ते मशीनवर आपोआप उठून बसलं. कुणी धरलं नव्हतं, आत कुणी नव्हतं, तरी वाकलेली, उजवीकडे कललेली, ओळखीची पाठ तिच्यासमोर उभी होती. सपाट कापडातून, फक्त रेघांच्या जोरावर! तिने दोन्ही हात मागे घेतले. नवरा दारातून आत आला आणि सवयीने म्हणाला, "बाबा, तुम्ही इकडे काय करताय?" मग त्याचं त्यालाच कळलं आणि त्याने हळूच त्या कापडाला बोट लावून पाहिलं.

दहाव्या दिवशी सकाळी नदीवर श्वासाची वाफ दिसत होती. गवंडी, मजूर, बघे, सगळे काठावर जमले होते. सासरे कोट घालून आले, तेव्हा मिस्त्रीने वाकून पायांना हात लावला आणि म्हणाला, "उस्ताद, कुणाकडून शिवून घेतलात?"

"आमच्याकडे एक गवंडीण आहे," सासरे म्हणाले.

कमानीखाली ते मिस्त्रीचा हात धरून उतरले. सगळं शांत झालं. सासऱ्यांनी हातोडा उचलला आणि पाचरीशी वाकले, होते त्याहून आणखी वाकले. काठावरच्या झाडून सगळ्या माणसांचे डोळे वर कमानीकडे लागले होते. एकटी सून कोटाच्या मागच्या कडेकडे बघत होती.

ठक्. पाचर हलली. ठक्. दुसऱ्या घावाला निसटून पाण्यात पडली. मग मिस्त्रीच्या माणसांनी बाकीच्या पाचरी एकेक करून मोकळ्या केल्या. लाकूड कुरकुरलं, दोन बोटं खाली बसलं, आणि लाकूड आणि दगड यांच्या मधून पलीकडचा उजेड दिसायला लागला. वर कमान उभी होती. खाली काहीही नव्हतं, तरी उभी होती.

लोक ओरडले, कुणी शिट्ट्या मारल्या. सुनेने अजून वर पाहिलं नव्हतं. दोन्ही घावांना कोटाची कड होती तिथेच होती, बोटभरसुद्धा वर चढली नव्हती.

सासरे काठावर परत आले तेव्हा धापा टाकत होते, नाक लालबुंद झालं होतं. मापाला उभे राहायचे तसे ते ताठ झाले नाहीत. एवढ्या लोकांत, आपल्या चेल्यांपुढे, आहेत तसेच वाकून उभे राहिले.

"बघितलीस?" त्यांनी विचारलं.

"बघितली," ती म्हणाली.

"कमानीचं विचारतोय."

"मी पाठीचं सांगतेय."

त्यांनी तिचा हात धरला, ओढून कोटाच्या आत आपल्या कमरेवर ठेवला, जिथून गेल्या वर्षी गारठा शिरला होता. तिथे भट्टीसारखी ऊब होती.

"हे बघ," सासरे म्हणाले.