आत्याने मला चकचकीत केले तेव्हा

मी एक जुना हीटसिंक आहे. नाव ऐकून नाक मुरडू नका, मित्रांनो. कॉम्प्युटरच्या पोटात प्रोसेसर नावाचा एक हुशार चौकोनी तुकडा असतो. काम करकरून त्याचे डोके तापते. ती उष्णता मी माझ्या पात्यांत ओढून घेतो आणि वरचा पंखा तिला उडवून लावतो. दुकानात पुष्कळ धूळ खाल्ल्यावर एका ताईने मला घरी आणले. मला प्रोसेसरवर बसवताना तिने मध्ये राखाडी लेप लावला. आम्ही दोघे कितीही घट्ट बसलो तरी मध्ये बारीक फटी राहतात आणि त्यांत हवा अडून बसते. अडलेली हवा उष्णता नीट पुढे जाऊ देत नाही; लेप त्या फटी बुजवून ती माझ्यापर्यंत पोचवतो.

ताईने एक कार्टूनपट बनवला होता. त्यातल्या बेडकाला तिच्या आत्याने आवाज दिला होता. संध्याकाळी गल्लीतली मुले तो पाहायला येणार, म्हणून सकाळी आत्याने घर घासायला घेतले. या घरात मांजरसुद्धा पाय पुसून येई! आत्याने बंद कॉम्प्युटर उघडला, मला काढले आणि "शी, केवढा हा मळ," म्हणत मला आणि प्रोसेसरला लख्ख पुसून मला परत बसवले. माझा चेहरा उजळला, पण नशीब फिरले.

दुपारी ताई चित्रपटाचा शेवट जोडायला बसली आणि कॉम्प्युटर बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. खाली प्रोसेसर भट्टीसारखा तापलेला आणि वर मी जेमतेम कोमट. मला तोंड असते तर ओरडलो असतो. रडवेल्या ताईने झाकण काढून माझ्यावर बोट ठेवले.

"हा गार कसा? आत्या, याच्याखालचा लेप पुसलास का गं?"

"लेप होता तो?" आत्याचा चेहरा एवढासा झाला. "मग आता माझा बेडूक मुकाच राहणार?"

"नाही गं. ट्यूब आहे माझ्याकडे. ये, तूच लाव. मटाराएवढा बस झाला."

आत्याचा हात सढळ. ताईने मनगट धरले म्हणून निभावले.

संध्याकाळी बेडूक बोलू लागला आणि मुले हसून हसून लोळली. मी छान गरम झालो होतो. मला फार आनंद झाला. आत्याच्या बोटाला राखाडी डाग लागला होता. तो न पुसता ती प्रत्येक मुलाला कौतुकाने दाखवत होती.

मित्रांनो, माझ्या पात्यांवरची धूळ वरचेवर झटका. मला खोलाल तेव्हा जुना लेप पुसून नवा ठिपका लावायला मात्र विसरू नका. चकाकी नसली तरी चालेल. मला गरम राहायचे आहे.