मास्कमधून गेलेला शब्द

रेडिओवर बातम्या वाचण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला आपल्या जिभेचा थोडा गर्व असणारच. या निवेदकाला तो चांगला दोन माणसांना पुरेल इतका होता. 'शिळी बातमीसुद्धा माझ्या तोंडून ताजी वाटते,' असं तो स्वतःच सांगायचा. दुसऱ्या कुणी म्हणेपर्यंत थांबायला धीर कुठे होता!

धाकट्या भावाशी बोलणं तुटलं तेही या जिभेपायीच. पुतणीच्या लग्नात धाकटा माईकवर उभा राहिला. पेशाने सुतार, त्यात गळा दाटलेला. शब्द अडखळू लागले. निवेदकाने माईक ओढून घेतला आणि भावाचं वाक्य शुद्ध करून स्वतःच पुरं केलं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, धाकट्याने बोलणं टाकलं. 'मोठा मी. मी का आधी बोलू?' म्हणून निवेदकही फुगून बसला.

मग न्यूमोनियाने त्याला गाठलं. घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. ती नळी निघाली त्या सकाळी त्याला वाटलं, सुटलो, आता बोलू. तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी नाकातोंडावर मास्क बसवून पट्ट्या आवळल्या.

"काका, फुप्फुसं अजून दमलेली आहेत. हे मशीन हवा आत ढकलेल, तुम्ही त्याच्या लयीत श्वास घ्या. मास्क टिकवलात तर नळी परत घालावी लागणार नाही. आणि बोलायचं नाही."

धावत्या गाडीच्या खिडकीतून तोंड बाहेर काढावं तसा वारा आत घुसू लागला. तो घाबरून उलट फुंकायला लागला. बायको म्हणाली, "अहो, त्या मशीनशी कशाला भांडताय? घरी आलात की माझ्याशी भांडा."

दुपारी ती जेवायला गेली आणि दाराशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. निवेदकाला नुसती एक जाडसर, धूसर आकृती दिसत होती. कोण आहे ते तरी कळावं म्हणून त्याने बेंबीच्या देठापासून जोर लावला.

"चष्मा!"

घसा बसलेला, वर मास्क, त्यावर मशीनची घरघर. आकृती एकदम खाली वाकली आणि तिने त्याचा हात घट्ट धरला.

"क्षमा कसली मागतोस दादा? मीच मागायला हवी होती!" धाकटा ढसाढसा रडत होता.

निवेदकाच्या अंगावर काटा आला. क्षमा? आणि मी? चूक तिथल्या तिथे सुधारायलाच हवी होती. त्याने मास्क ओढला, "च..." म्हणाला आणि पुढचं अक्षर निघेचना. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, मशीन किंचाळलं, सिस्टर धावत आल्या. डॉक्टरीणबाईंनी मास्क परत आवळला.

"पुन्हा काढलात तर नळी घालावी लागेल, काका."

अहंकार मोठा खरा, पण त्यालाही ऑक्सिजन लागतो. निवेदक निमूट पडून राहिला. धाकटा शेजारी बसून मोठ्याने म्हणत होता, "घे आत... सोड... घे..." त्याचे उच्चार सदोषच होते. निवेदक मात्र आज्ञाधारक मुलासारखा एकेका शब्दावर श्वास घेत होता आणि मनात स्वतःलाच शाबासकी देत होता: वा रे शुद्ध भाषेचा रखवालदार!

दोन दिवसांनी मास्क गेला. नाकात नुसत्या छोट्या नळ्या राहिल्या, त्यांतून गरम, दमट हवेचा झोत यायचा. आता थोडं बोलायची परवानगी होती.

"अरे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "मी चष्मा मागितला होता."

धाकटा बघतच राहिला. "म्हणजे... क्षमा नाही?"

"नाही. पण असू दे तीच. नीट ठरवून मागायची म्हटलं असतं, तर या जन्मी जमलं नसतं."

"मग मी रडलो ते फुकटच?"

"फुकट कसं? अख्ख्या वॉर्डने ऐकलं की."

दोघं हसले. निवेदकाला खोकल्याची उबळ आली, तेव्हा सिस्टरने धाकट्याला बाहेर काढलं.

घरी जायच्या दिवशी धाकट्याने त्याला काखेत धरून पायऱ्या उतरवल्या. निवेदकाने गाडीवाल्याला सूचना द्यायला तोंड उघडलं, पण दम लागून नुसता हात हलवला.

बायको धाकट्याला हळूच म्हणाली, "भावजी, हा दम आणखी थोडे दिवस टिकेल ना हो?"