यायला अडीच तास

ऐक निराजन, आधी नुसतं ऐक, आणि त्या बाकाकडं बघू नकोस. ती म्हातारी तीन दिवस झाले तिथंच बसलीय.

द्वादशीला मी विमान तिकिटांच्या ऑफिसचं शटर वर करतोय तर ही दारात. बिष्णुमाया घर्ती, तिकडं डोंगरातल्या रोल्पाची. चौदा तास बसमधून आलेली, पाय सुजलेले. नवीन तिकीट नकोच होतं तिला. पिशवीतून एक जुनं काढलं, घड्यांवर फाटलेलं. मुलगा लोकेंद्र मलेशियात असतो. सहा वर्षांपूर्वी बापाच्या तेराव्याला आला होता, तेव्हाचं.

"बाबू, वाच. जायला किती?"

इथून दुपारी एकला सुटायचं, क्वालालंपूरला रात्री आठ. म्हटलं, "सात तास."

"आणि यायला?"

तिकडून सकाळी साडेनऊ, इथं बारा.

"अडीच. आमच्या मास्तरांनीपण तेच वाचलं. म्हणजे घराकडं उतारच आहे. मग हा मेला लांब आहे, लांब आहे, काय करतो?"

हसू नकोस. डोंगरात किलोमीटर कोण मोजतं? बाजाराला चढून जायला तीन तास, परत यायला दीड, हेच त्यांचं अंतर.

मी समजवायला गेलो. म्हटलं, आमा, तिकडचं घड्याळ सव्वादोन तास पुढं असतं. जाताना काय, येताना काय, सव्वातीन हजार किलोमीटरच. पावणेपाच तास.

"मग माझ्या बसपेक्षा कमीच की," म्हणाली, आणि पिशवीतून टोपली काढली. दशैंच्या घटात उगवलेला जमरा, जवाचे पिवळे कोंब, ओल्या फडक्यात. "पोराच्या कपाळाला टीका पौर्णिमेपर्यंत लावता येतो. तीन दिवस आहेत. तूच बोल त्याच्याशी, माझा फोन उचलत नाही तो."

मी आतल्या खोलीत जाऊन ऑफिसच्या फोनवरून लावला. उचलला. मागं कसलंतरी मशीन चालू होतं. आईचं नाव काढलं तसा तो मशीनपासून लांब गेला.

"दाजू, कंपनीतून पळून तीन वर्षं झाली मला. पासपोर्ट त्यांच्याकडंच राहिला. विमानतळावर गेलो की सरळ आत टाकतील. आमाला नका सांगू, झोपायची नाही ती."

"मग काय सांगू?"

"सांगा, आता विमानं फिरून येतात. दोन दिवस लागतात."

तू मला ओळखतोस, मला खोटं जमत नाही. पण सांगितलं. दोन दिवस लागतात आमा, मधे दोनदा उतरावं लागतं.

वाटलं, आता रडेल. ती बोटांची पेरं मोजत बसली.

"आज द्वादशी. त्रयोदशी, चतुर्दशी. पोचतो की मग. निघाला का, विचारलंस?"

मी मान हलवली. कशी हलवली, मलाच माहीत नाही. तिनं खांद्यावरची शाल काढली, घडी केली आणि बाकावर अंथरून बसली.

कलंकीला भाचीकडं राहते, सकाळी माझ्या आधी इथं हजर. जमऱ्यावर पाणी शिंपडते, फडकं झाकते. दारात टॅक्सी थांबली की उठून उभी राहते. आज पौर्णिमा. मघाशी चहा द्यायला गेलो तर विचारते, विमानतळावरून इकडं यायला चढ आहे की उतार?

मी म्हटलं, उतार.

तू माझ्या जागी असतास तर काय सांगितलं असतंस, निराजन? चार दिवस?