चीशेच्या स्टुडिओतला पिवळा दिवा

"अंधारात चाचपडायचे दिवस संपले, ट्राउगोट," राइनहोल्ट चीशे म्हणाला आणि त्याने टेबलावर एक बाटली ठेवली. आत लाल रंगाचं औषध होतं. फोटोची काच, म्हणजे प्लेट, धुण्याआधी मिनिटभर यात बुडवून ठेवायची, की मग तिला उजेडाचं भय उरत नाही. खुशाल पिवळा दिवा लावावा आणि चित्र कसं उमटतंय ते डोळ्यांनी बघावं. म्युनिकपासून हांबुर्गपर्यंत सगळे आता असंच करायला लागलेत, असं तो उत्साहाने सांगत होता.

"छान झालं," ट्राउगोट लेनिक म्हणाला, आणि बाटली टेबलावर कुठे टेकली ते त्याने आवाजावरून मनात नोंदवून ठेवलं.

कारण ट्राउगोट आंधळा होता आणि चीशेच्या स्टुडिओत हे कुणाला ठाऊक नव्हतं.

तो आंधळा झाला ती गोष्ट एका दिवसातली नाही. आधी संध्याकाळी दिसेनासं झालं, मग नळीतून बघावं तसं समोरचं तेवढं दिसायला लागलं, आणि शेवटी नळीही बुजली. भर उन्हात तोंड वर केलं तर काहीतरी पांढुरकं जाणवायचं, बाकी काही नाही. लढाईत डोळे गेले असते तर सरकारने पेन्शन दिली असती, ट्रॅममध्ये लोकांनी उठून जागा दिली असती. ट्राउगोट लढाईवर गेलाच नव्हता. बावन्न वर्षांच्या, घरबसल्या आंधळ्या झालेल्या माणसाला द्रेस्डेनमध्ये टोपल्या विणण्यापलीकडे कोण काम देणार? घरी हुल्डा होती आणि तिचा दमा होता. तेव्हा कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्याने ठरवलं.

आणि नशिबाने त्याच सुमारास राइनहोल्टच्या डोक्यात नव्या प्लेटांचं खूळ शिरलं. जुन्या प्लेटांना लाल रंग कळत नसे. लाल दिव्याखाली त्या धुता येत, चित्र उमटताना दिसे आणि नेमक्या क्षणी प्लेट बाहेर काढण्यातच कारागिराची परीक्षा असे. त्या परीक्षेत ट्राउगोटचा हात धरणारा कुणी नव्हता. पण जुन्या प्लेटवर बायकांचे लाल ओठ काजळ खाल्ल्यासारखे काळे येत, निळे डोळे उकडलेल्या अंड्यासारखे पांढरे. राइनहोल्टला ते बघवत नसे. नव्या प्लेटांना सगळे रंग कळत, म्हणून त्यांना लाल दिवाही चालत नसे. ठार काळोख लागे. औषध किती गरम आहे ते बोटाने बघायचं, आकडे मोजायचे आणि मोजणी संपली की प्लेट उचलायची. शहरातले बाकीचे कारागीर या प्रकाराला शिव्या घालत होते. ट्राउगोटने मात्र चर्चमध्ये मेणबत्ती लावली. काळोखात सगळेच आंधळे, आणि त्यात त्याला सवय जास्त.

ज्या अंधाऱ्या खोलीत तो प्लेटा धुई, तिच्याबाहेरचं निभावायला ओटिली होती. ही मुलगी एकोणीसशे वीस साली स्टुडिओत आली. ती पेन्सिल घेऊन काचांवरच्या सुरकुत्या आणि वांग पुसत बसे आणि तिची जीभ दिवसभर चालू असे. कोणत्या बाईची कॉलर वाकडी आली, कुणाचा नवरा ढेरी आत ओढून बसला होता, सगळं ट्राउगोटला आपोआप कळे. मग राइनहोल्ट छापलेला फोटो घेऊन आला, की ट्राउगोट तो हातात धरी, थोडा लांब, थोडा जवळ नेई आणि म्हणे, "कॉलरकडे लक्ष द्यायला हवं होतंस." राइनहोल्ट कपाळाला हात लावी. दोघं तेरा-चौदा वर्षांचे असल्यापासून एकाच उस्तादाकडे शिकलेले. राइनहोल्ट कधीच स्वतःच्या नजरेवर विसंबला नाही. ट्राउगोटने बरा म्हटल्याशिवाय त्याला कुठलाही फोटो बरा वाटत नसे. आणि तीन वर्षं ट्राउगोट त्याला फसवत होता. याची त्याला लाज वाटे. पण भाकरी समोर आली की लाज मागे सरते, हे ज्याने उपास काढलेत त्याला सांगायला नको.

ओटिलीला संशय होता का? असावा. बाटल्या ती कधी जागची हलवत नसे आणि वाटेत कुणी खुर्ची ठेवली तर काही न बोलता उचलून नेई.

तर आता हे लाल पाणी आलं. पहिली प्लेट राइनहोल्ट स्वतः शेजारी उभा राहून बघणार होता. कापडाचे व्यापारी होते, त्यांच्या दोन मुलींचा फोटो. थोरली बसलेली, धाकटी मागे उभी, दोघींच्या पांढऱ्या कॉलरी. एवढं ओटिलीने सकाळीच सांगून ठेवलं होतं. ट्राउगोटने मनाशी हिशेब केला: चाळीसपर्यंत कॉलरी येतील, नव्वदपर्यंत कपाळं, मग डोळे. हे काय त्याला बघून कळायचं होतं? तीस वर्षांत हजारदा पाहिलेलं.

खोलीचं दार लावून घेतलं. प्लेट लाल पाण्यात मिनिटभर राहिली, ट्राउगोटची बोटंही त्यात बुडाली. राइनहोल्टने बटण दाबलं. दिवा लागल्याचं ट्राउगोटला त्या खटक्यावरून कळलं.

"काय गंमत आहे," राइनहोल्ट म्हणाला. "या खोलीत मला तुझं तोंड तीन वर्षांनी दिसतंय."

ट्राउगोट हसला. प्लेट औषधात सोडून तो थाळी हलवू लागला. आकडे ओठांत मोजत तो मोठ्याने सांगत गेला. कॉलरी आल्या बघ. आता थोरलीचे हात. राइनहोल्ट हो हो म्हणत होता, मध्येच आनंदाने त्याच्या पाठीवर थापही मारत होता. ट्राउगोटला धीर आला. हे जमण्यासारखं आहे, असं त्याला वाटलं. अशी पाचपन्नास वर्षं काढता येतील.

पुढे राइनहोल्ट बोलेनासा झाला. चित्रात रमला असेल, असं समजून ट्राउगोट आणखी रंगात आला.

"धाकटीचा डावा डोळा बघ. काय उतरलाय! जुन्या प्लेटवर असा आला असता का?"

मग काडी ओढल्याचा आवाज आला. सिगार पेटवली असेल. ट्राउगोट तंबाखूच्या वासाची वाट बघत राहिला. वास नुसत्या गंधकाचा आला. काडी जळून विझली, दुसरी ओढली गेली, आणि तिची ऊब ट्राउगोटच्या डोळ्यांच्या अगदी जवळ आली.

"वीज गेलीय, ट्राउगोट," राइनहोल्ट हळू आवाजात म्हणाला. "मघाशीच गेली. तू थोरलीचे हात म्हणालास, त्याच्यानंतर लगेच."

त्या वर्षी वीज केव्हाही जायची. बावीस सालात द्रेस्डेनमधलं शेंबडं पोरही हे जाणत होतं. ट्राउगोटने सगळ्याचा विचार केला होता, एवढी एक गोष्ट राहिली होती.

"कधीपासून?" राइनहोल्टने विचारलं.

सुटायला वाव होता. महिना झाला म्हणता आलं असतं, फार तर वर्ष. पण खोटं बोलून बोलून ट्राउगोट थकला होता. निदान आता तरी या माणसाशी खरं बोलावं, असं त्याला वाटलं.

"एकोणीस सालच्या मे महिन्यापासून काहीच दिसत नाही," तो म्हणाला.

शिव्या येतील म्हणून तो वाट बघत राहिला. हुल्डाचा दमा, चाळीस वर्षांची सोबत, सगळं बोलायचं त्याने मनात जुळवून ठेवलं होतं. शिव्या आल्या नाहीत.

"माल्विने नोव्हेंबरात गेली," राइनहोल्ट म्हणाला. "त्याच सालच्या."

ट्राउगोटचे हात थाळीवर थांबले. माल्विने राइनहोल्टची बायको. पोटात गाठ झाली होती. ऑक्टोबरात तिने हट्ट धरला, की मला खिडकीशी बसवून एक शेवटचा फोटो काढ. राइनहोल्टने काढला, छापला आणि ओला कागद घेऊन याच दारात येऊन उभा राहिला. मला बघवत नाही, तू बघ, तिला यातना होताहेत असं दिसतं का, असं त्याने विचारलं होतं. ट्राउगोटने कागद हातात घेतला, योग्य तेवढा लांब धरला, योग्य तेवढा वेळ धरला आणि म्हणाला, "नाही रे. शांत आहे. आत्ता झोपून उठल्यासारखी. लाव वर दिवाणखान्यात." दुसरं काय म्हणणार होता? डोळस माणूसही कदाचित हेच म्हणाला असता. पण डोळसाचं खोटं राइनहोल्टला चाललं असतं.

"तेव्हा थोडं दिसत होतं मला," ट्राउगोट घाईघाईने म्हणाला. "तिचा फोटो मी पाहिला होता."

"आत्ताच मे म्हणालास."

मोजणी केव्हाच सुटली होती, औषधात त्या दोघी बहिणी काळ्याठिक्कर होत चालल्या असणार, आणि तीन वर्षं जिच्यापायी जीव टांगणीला लागला होता ती नोकरी या घडीला ट्राउगोटच्या मनातही नव्हती. मे म्हणालो नसतो तर, एवढंच तो परत परत घोकत होता.

"अडीच वर्षं त्या फोटोखाली बसून जेवतोय मी," राइनहोल्ट म्हणाला. "मान वर करून एकदाही पाहिला नाही. तू पाहिला होतास ना, म्हणून."

त्याने दार उघडलं आणि ओटिलीला हाक मारली. ती लगबगीने आली, आणि दोघांची तोंडं बघून उंबऱ्यातच थांबली असावी, कारण तिची पावलं तिथंच थबकली. दर शनिवारी वरच्या मजल्यावरच्या राइनहोल्टच्या घरातल्या तसबिरी तीच पुसत असे.

"ओटिली, वर माझ्या बायकोचा फोटो आहे. तू सांग, कशी दिसते ती त्यात?"

दिवसभर टकळी चालवणाऱ्या त्या मुलीच्या हातातली पेन्सिल दाराच्या चौकटीवर नुसती टकटकत राहिली. ट्राउगोटने तिच्या दिशेने मान वळवली. नुसतं बरी दिसतात म्हण, एवढं म्हण, असं त्याला ओरडून सांगावंसं वाटलं.

"साहेब," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही वर यायच्या आधी मी तो उतरवून ठेवू का?"