सोनकिड्याच्या पाठीवर

प्रेरणा कोपरं मातीत टेकवून रताळ्याच्या वेलापाशी पालथी पडली होती. पानावर टिकलीएवढा सोनकिडा बसला होता, अगदी अस्सल सोन्यासारखा लखलखीत. मोबाईलला चिमट्याने लावलेलं भिंग जवळ नेलं की नेमका वारा यायचा, पान डुलायचं आणि फोटोत नुसता पिवळा फराटा उमटायचा. दुपारपासून हाच छळवाद चालला होता.

ओसरीत तिची बॅग भरून ठेवलेली होती. उद्या पहाटेच्या गाडीने ती पुण्याला मैत्रिणीच्या खोलीवर निघणार होती. नवऱ्याला सोडून पिंपळगाव राजा या गावी माहेरी आली, त्या दिवसापासून वडील तिच्याशी बोललेच नव्हते. उकंडराव बोलायचे ते तिच्या आईशी, तेही लेकीला नीट ऐकू जाईल असं.

"लोकायच्या पोरी संसार करून राह्यल्या, अन् आपली किड्यायचे फोटू काढून राह्यली."

एकदा नुसतं 'राह्य' म्हणाले असते, तरी तिने बॅग रिकामी केली असती. पण ते म्हणेनात, आणि कुणी नको म्हणत असताना राहायचं तरी कुठल्या तोंडाने?

एकाएकी पान थांबलं. ऊनही मवाळ झालं. ढग आला वाटतं, असं म्हणत तिने श्वास रोखला आणि भराभर फोटो काढून घेतले.

हाती आलेले फोटो बघून ती खूश झाली. कपडे झटकत उठली, तर आभाळ लख्ख! ढगाचा पत्ता नाही. कडुनिंब सळसळत होता, दोरीवरचं लुगडं फडफडत होतं. मग हे एवढंच पान कसं काय थांबलं? तिचं डोकंच चालेना. आसपास कुणी नव्हतं. उकंडराव पलीकडे गोठ्यात, तिच्याकडे पाठ करून गाईला वैरण टाकत होते.

"आई, आता वारा थांबला होता काय वं?"

"कायचा थांबते?" शालूबाई दारातून म्हणाली. "दुपारपासून धूळ घरात येऊन राह्यली. चाल, चहा घे."

प्रेरणाने पुन्हा मोबाईल उघडला आणि फोटो बोटांनी मोठा केला. सोनकिड्याची पाठ म्हणजे इवलासा आरसाच. त्यात वेल होता, कुंपण होतं, मधोमध वाकलेली ती स्वतः होती. आणि तिच्या शेजारी, वाऱ्याच्या बाजूला, कुणीतरी उभं होतं. दोन्ही हात फाकवून पांढरं फडकं ताणून धरलेलं. पुढच्या फोटोतही तसंच. त्याच्या पुढच्याही.

अगं बाई! तिला भडभडून आलं.

डोळे पुसून ती गोठ्याशी गेली. उकंडरावांच्या खांद्यावर उपरणं होतं, पण नेहमीची घडी मोडलेली, कशीबशी टाकलेली.

"बाबा, फोटो चांगला आला."

त्यांनी सवयीने घराकडे पाहिलं, शालूबाईला हाक मारण्यासाठी तोंडही उघडलं. मग हाक तशीच राहिली. गाईच्या पाठीवर हात ठेवून ते थेट लेकीला म्हणाले,

"सकाळी वारा नसते. उद्या चांगलं उजाडल्यावर काढजो."

पुण्याची गाडी उजाडायच्या आत निघून जायची. गाडीची वेळ त्यांनीच स्टँडवर जाऊन विचारून आणली होती.

"हाव, बाबा," प्रेरणा म्हणाली.