मोड आणणाऱ्या पंच्याची भीती

मित्रांनो, मी एक जुना पंचा आहे आणि मी फार घाबरलेलो आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुम्ही माझ्याकडून शौर्याची अपेक्षा करणार नाही.

मी सोलापूरच्या मागावर विणला गेलो. उल्काताई मला गाझियाबादला घेऊन आल्या, कारण त्यांचे यजमान गुणवंतकाका तिथे केंद्र सरकारच्या नोकरीत होते. कित्येक वर्षे माझ्यात मटकी बांधली गेली. पाहुणे उसळ खाऊन ताईंचे कौतुक करायचे. माझे नाव कोणी काढत नसे, पण माझे बरे चालले होते.

काका निवृत्त झाले आणि शहराबाहेरच्या प्लॉटवर त्यांनी मांसासाठीच्या कोंबड्या पाळल्या. नेहमीच्या खाद्याला मोड आलेल्या गव्हाची जोड द्यायचे त्यांनी ठरवले आणि मी त्यांच्या वाट्याला आलो. काका गहू सैल बांधायचे, सकाळ-संध्याकाळ खळबळून धुवायचे. मोड कसे पांढरेशुभ्र, कुरकुरीत निघत! मला झटकले की कोंबड्या भोवती गोळा होत. एक लंगडी तर थेट माझ्यावरच येऊन बसे. त्या पुढे कुठे जाणार हे मला ठाऊक होते. निदान माझ्यापासून तरी त्यांना धोका नव्हता.

मग धुक्याचे दिवस आले. थंडीत गव्हाला मोड येईनात. काका म्हणाले, "उल्का, तू मटकी घट्ट बांधून उबेत ठेवतेस ना? चलो, तसंच करू."

त्यांनी मला करकचून बांधले, रजईत गुंडाळले आणि हीटरशेजारी ठेवले. सारखे उघडले तर ऊब जाते, म्हणून धुणेही बंद केले. एका रात्रीची मटकी निराळी आणि कित्येक दिवसांचे गहू निराळे, हे मी कुणाला सांगणार? माझ्या आत गरम होऊ लागले. दाणे चिकटले. कुबट वास सुटला. मग काहीतरी मऊ, राखाडी माझ्या धाग्याधाग्यांतून पसरू लागले. मी भीतीने अर्धमेला झालो.

अखेर काकांनी गाठ सोडली. सर्दीने त्यांचे नाक चोंदले होते.

"अच्छा! मुळांना लव फुटलीये," ते खूश होऊन म्हणाले.

लव नव्हती हो, बुरशी होती!

शेडमध्ये मला पाहताच कोंबड्या धावल्या. मला त्यांना हाकलता येईना. लंगडी सर्वांत पुढे होती. तिने चोच घातली, पुन्हा घातली. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या ताई मागून ओरडल्या, "अहो, थांबा! केवढा घाण वास येतोय. तुम्हाला येत नाही?"

"नाक बिल्कुल बंद आहे गं," म्हणत काका घाईघाईने दाणे गोळा करू लागले. बहुतेक दाणे परत माझ्यात आले. लंगडीच्या पोटातले आले नाहीत. ती मान टाकून कोपऱ्यात बसली आणि दुसऱ्या दिवशी उठली नाही. काका तिच्याजवळ बराच वेळ उकिडवे बसून होते.

ताईंनी मला सोडा घालून उकळले आणि धुके निवळल्यावर उन्हात वाळवले. मी आता स्वच्छ आहे म्हणतात. पण आज बादलीत पुन्हा गहू भिजत पडले आहेत आणि मला धडकी भरली आहे. मित्रांनो, दाणे सैल बांधा, रोज धुवा, त्यांना हवा लागू द्या आणि मुक्या जिवापुढे टाकण्याआधी वास घ्या. तुमचे नाक चोंदले असेल, तर घरातल्या कुणाला तरी हाक मारा. मला हाक मारता येत नाही.