चालण्याचा वर्ग

सल्लागार बाईंच्या खोलीतून बाहेर पडताना डेल्फिनाला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटत होतं. स्वतःचं नव्हे, भावाचं.

मागच्या वर्षी बाबांच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि गस्टीन गावातल्या घरच्या गोठ्यावर दूध काढायला माणूस उरला नाही. भावाचं, गिल्बर्टचं, शिक्षण कधीच संपलं होतं, पण थांबायला सांगितलं डेल्फिनाला. "एकच वर्ष गं. तुझं विद्यापीठ कुठं पळून जातंय?" ती थांबली. दोन वर्षांच्या या कॉलेजातून विद्यापीठात जायची तिची जागा पक्की होती. अट एवढीच, की सलग दोन सत्रं पटावर नाव नाही, असं होता कामा नये. तसं झालं तर प्रवेशाच्या वेळचे जुने नियम लागू राहत नाहीत आणि नवे विषय गळ्यात पडतात.

पहिलं सत्र गेलं. दुसऱ्याला तिनं संध्याकाळचा एक साधा वर्ग घेतला. पहिल्या दिवशी जो येत नाही त्याचं नाव कापून यादीत ताटकळणाऱ्याला जागा देतात, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्या संध्याकाळी दूध तू काढ, असं गिल्बर्टला तिनं तीनदा बजावलं होतं. तो "हो हो" म्हणाला आणि उत्सवातल्या खेळात बैलाशी झोंबणाऱ्या आपल्या टोळक्याच्या तालमीला निघून गेला. गाई हंबरत होत्या. डेल्फिनाच उतरली गोठ्यात. नाव कापलं गेलं; ती पुढच्या तासांना बसत राहिली, आणि यादीत आपण नाहीच हे तिला आज, पाच आठवड्यांनी कळलं.

"एक वाट आहे," बाई म्हणाल्या होत्या. "अर्ध्या सत्रापासूनचा एक वर्ग आज चारला सुरू होतोय. चालण्याचा. सोमवार-बुधवार. मैदानावर फेऱ्या मारायच्या. त्यानंही सत्र धरलं जातं. पण आज हजर हवं."

चार म्हणजे दूध काढायची वेळ. हसावं की रडावं! तिनं तिथूनच नाव घातलं आणि घरी फोन लावला.

"बाबा, आज मी येत नाही. गिल्बर्टला सांगा."

"तो तालमीला चाललाय. माझा हात वर जात नाही, माहितेय ना तुला? पोरी, गाईंनी काय गुन्हा केलाय?"

"गाईंनी नाही केला. तुम्ही केलात. त्याला कधी एका शब्दानं विचारलंत?"

फोनमधून मागचं हंबरणं ऐकू आलं. तिनं फोन बंद केला.

मैदानावर वीसेक जण उभे होते, निम्मे म्हातारे. शिट्टी गळ्यात घातलेल्या मास्तरांनी नावं घेतली.

"डेल्फिना आविला?"

"हजर." ती इतक्या जोरात म्हणाली, की शेजारची आजी दचकली.

पहिली फेरी तिनं रागानं रडतच मारली. दुसऱ्या फेरीत फोन थरथरला. गिल्बर्टचा निरोप होता. 'बाबांनी मला परत बोलावलं. गोठ्यात आहे. आधी कुठल्या गाई घ्यायच्या?'

बावीस वर्षं त्याच गोठ्याचं दूध प्यायला होता हा. उत्तर न देण्याचा मोह तिला झाला. पण औषध चालू असलेल्या एका गाईचं दूध मिसळलं, की अख्खी टाकी ओतून द्यावी लागते. तिनं चालता चालता लिहिलं, 'पायाला लाल पट्टी असलेल्या सगळ्यात शेवटी. त्यांचं दूध टाकीत सोडू नकोस.'

थोडं पुढं जाऊन तिनं आणखी एक ओळ पाठवली.

'बुधवारीही तूच.'